मुलाखतीला जायचं, तर खर्च कुणाचा?

गेल्या उन्हाळ्यात माझी भाची पुण्याला मुलाखतीला गेली. ती सोलापुरात होटगी रोडवरच्या एका दुकानात हिशेब लिहायचं काम करत होती. पगार महिना १२,००० रुपये. पुण्याच्या एका कंपनीतून फोन आला, "उद्या अकराला या." पहाटेची एसटी धरून ती गेली आणि रात्री परत आल्यावर तिने वहीत खर्च मांडला. एसटीचं जाऊन-येऊन अर्धं तिकीट ४२० रुपये. स्वारगेटहून खराडीपर्यंत आणि परत, बस आणि रिक्षा मिळून १५०. चहा-जेवण १२०. फोटो आणि कागदांच्या प्रती ८०. दुकानातला एक दिवसाचा पगार बुडाला तो ४००. एकूण १,१७० रुपये, म्हणजे तिची जवळजवळ तीन दिवसांची कमाई. आणि तिथे गेल्यावर कळलं की जागा दोन दिवसांपूर्वीच भरली होती.

मुलाखत फुकट असते असं आपण धरून चालतो. ती फुकट कधीच नसते, आणि तो खर्च नेहमी एकाच बाजूने सोसला जातो. सोलापुरात नोकरी शोधणाऱ्यांना आणि नोकरी देणाऱ्यांनाही कुठला पैसा कुणी भरायचा हे आधी माहीत असावं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी साधा खर्च

पुण्याची एक फेरी आधीच मोजून ठेवावी. साध्या एसटीचं एका वेळचं तिकीट सव्वाचारशेच्या आसपास आहे. मार्च २०२३ पासून महिलांना ते निम्म्यात मिळतं. रेल्वेच्या सेकंड सीटिंगला त्याहून बरेच कमी लागतात. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरली, तर साडेदहाच्या सुमारास पुणे स्टेशन येतं आणि परतीची गाडी संध्याकाळी सहाच्या आसपास आहे. तेव्हा मुलाखतीची वेळ ठरवताना संकोच न करता सांगावं, "मी सोलापुरातून येणार आहे, साडेबारा ते तीनमधली वेळ द्याल का?" हिंजवडी किंवा चाकण असेल तर स्टेशनपासून पुढचा तासदीड तास धरावाच लागतो. अशी विनंती केल्याने कुणाची नोकरी जात नाही. उलट आपण वेळेचा विचार करतो हे समोरच्याला कळतं. पहिली फेरी फोनवर किंवा व्हिडिओवर होईल का, हेही विचारावं. आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी एक फोन करून जागा अजून शिल्लक आहे ना, याची खात्री करावी. माझ्या भाचीने तो केला असता तर १,१७० रुपये वाचले असते. पण खरं म्हणजे तो फोन कंपनीने करायला हवा होता.

बायोडाटा दोन पानांच्या वर नको. तो सजवून देण्याचे हजार-दोन हजार रुपये मागणारे आता बरेच झाले आहेत, त्यांची गरज नाही. मूळ प्रमाणपत्रं दाखवायला न्यावीत, ठेवायला देऊ नयेत. "जॉइन झाल्यावर ओरिजिनल आमच्याकडे राहतील" असं कुणी म्हणालं, तर तिथे सही करू नये. नोकरी सोडायच्या दिवशी ती परत मिळवण्यासाठी किती हेलपाटे घालावे लागतात, हे सोलापूरच्या पूर्वभागातल्या अनेक घरांना ठाऊक आहे.

सरकारी भरतीचा खर्च वेगळ्या जातीचा. २०२३ च्या तलाठी भरतीत अर्जाचं शुल्क खुल्या गटाला १,००० आणि राखीव गटाला ९०० रुपये होतं. वर्षात अशा पाच जाहिरातींना अर्ज केले की साडेचार-पाच हजार गेले. क्लास आणि पुस्तकं वेगळी. रेल्वे भरती मंडळाची पद्धत मला अधिक न्याय्य वाटते. तिथे सर्वसाधारण उमेदवाराचे ५०० पैकी ४०० रुपये परीक्षेला बसल्यावर परत येतात, सवलतीच्या गटाचे २५० पूर्ण परत येतात आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना परीक्षेला जाण्यायेण्याचा मोफत रेल्वे पास मिळतो. या परतीतून बँकेचं शुल्क तेवढं वजा होतं. परतीचा खाते क्रमांक अर्जात नीट भरावा. तो चुकला म्हणून पैसे अडकलेली मुलं मी पाहिली आहेत.

हातात किती पडतील?

सगळ्यात जास्त गैरसमज पगाराच्या बोलण्यात होतो. मालक म्हणतो "साडेसतरा हजार देतो", मुलगा घरी सांगतो "साडेसतरा हजार मिळणार", आणि पहिल्या महिन्यात खात्यावर तेराच्याही आत रक्कम येते. घरात वाटतं मालकाने फसवलं, मालकाला वाटतं मुलगा कृतघ्न आहे. दोघांनी कधी कागदावर आकडे मांडलेलेच नसतात.

समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० आहेत. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. पगार २१,००० पर्यंत असेल तर कर्मचारी राज्य विमा योजनेचे ०.७५ टक्के, इथे ११३ रुपये. पुरुषाला १०,००० च्या वर पगार असला की व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. हातात उरतात १२,८८७. महिलेला २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, म्हणून तिच्या हातात १३,०८७ येतात. मालकाच्या बाजूने निधी, विमा आणि प्रशासन धरून १३ टक्क्यांचे १,९५० आणि राज्य विम्याचे ३.२५ टक्के, म्हणजे ४८८ रुपये आणखी जातात. त्याला हा माणूस १७,४३८ रुपयांना पडतो. तो "साडेसतरा" म्हणतो ते यामुळे. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते एकाच वेळी एकाच कागदावर सांगितलेले नाहीत.

कापलेले १,८०० बुडत नाहीत, ते तुमच्याच खात्यात जमतात आणि मालकाच्या वाट्याचा काही भागही त्यात पडतो. पण ते खरंच जमतात का हे पाहणं तुमचं काम. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक पहिल्याच महिन्यात मागून घ्यावा आणि उमंग ॲपवर पासबुक बघावं. पगारातून कापलं आणि पासबुकात दिसलं नाही, तर तिथेच बोलावं. वर्षभर थांबू नये.

मुलाखतीत पगाराचं विचारणं अप्रशस्त, असं आपल्याकडे अजून मानतात. मला हे मान्य नाही. शेवटी शांतपणे "हातात किती पडतील आणि कुठल्या तारखेला?" एवढं विचारलं की पुरतं. नगावर काम असेल, म्हणजे शिलाई, टॉवेलचे काठ मारणं, पॅकिंग, तर दर नगाला किती, चुकलेल्या नगाचे कापता का, आणि काम नसलेल्या दिवसांत काय, हे तीनही प्रश्न विचारायचे. शालेय गणवेशाचा हंगाम जूनला संपतो. नंतरचे महिने कसे जातात हे आधी कळलं तर घरचं गणित बसतं.

"दोन-चार दिवस काम बघतो" हा प्रकार अक्कलकोट रोड एमआयडीसीत आणि दुकानांतही चालतो. तासभर मशीनवर बसवून हात बघितला तर ती परीक्षा झाली. पण चार दिवस शिवलेला माल बाजारात गेला, तर त्या चार दिवसांचे पैसे द्यायलाच हवेत. पहिल्याच सकाळी विचारावं, "ट्रायलच्या दिवसांचे किती देणार?"

कुणालाही द्यायचे नाहीत असे पैसे

गणवेशाचं डिपॉझिट, लॅपटॉपचं डिपॉझिट, नोंदणी फी, ट्रेनिंग फी, "ऑफर लेटर पक्कं करायचे" दोन हजार. नोकरी देणारा जर नोकरी देण्याआधी पैसे मागत असेल, तर तो नोकरी देत नाही. मोबाईलवर व्हिडिओ लाइक करायचे पैसे मिळतात असं सांगून आधी शंभर-दोनशे देणारे आणि मग दहा-वीस हजार भरायला लावणारे तर रोज कुणाला ना कुणाला गाठतात. पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितकं लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात जायच्या आधी थांबवता येण्याची शक्यता जास्त.

कन्सल्टन्सीचा रिवाज असा की तिची फी कंपनी देते. साधारण वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार. उमेदवाराकडूनही घेत असेल, तर ती दोन्ही हातांनी घेते. तरीही कुणी दिलीच, तर पावती, जीएसटी क्रमांक आणि "नोकरी न लागल्यास किती दिवसांत परत" हे लेखी घ्यावं. कारण पैसे घेऊन दिलेली सेवा म्हणजे तुम्ही ग्राहक आहात. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते आणि २०१९ च्या कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात शुल्कही लागत नाही. वकील नसला तरी स्वतः बोलता येतं.

आखातात जायचं असेल तर एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, हे ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहावं. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेता येतात, तेही पावतीवर. कुणी लाख-दीड लाख मागत असेल तर तो कायद्याबाहेर आहे. साध्या पासपोर्टचे १,५०० रुपये तुमचे तुम्ही भरायचे, आणि तो पासपोर्ट तुमच्याच खिशात राहायचा.

आणि संस्थेतल्या शिक्षकाच्या जागेसाठी "डोनेशन". जमीन विकून, दागिने मोडून दिलेल्या रकमा आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. सरकारी कामासाठी लाच देणाराही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत कळवलं तरच बचाव राहतो. मागणी होताच १०६४ वर लाचलुचपत विभागाला कळवणं हाच रस्ता आहे. आई-बापांची पुंजी त्यात घालू नका, असं मी कळकळीने सांगते.

बॉण्डवर सही करताना

महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून बॉण्डच्या करारांना ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. शंभराचा आता चालत नाही. तो खर्च कंपनीने करावा. "दोन वर्षं सोडायचं नाही" असले बॉण्ड कोर्टात टिकत नाहीत, असं मुलं एकमेकांना सांगतात. ते अर्धवट खरं आहे. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची सेवा आणि दोन लाखांचा बॉण्ड योग्य ठरवला. तो सरकारी बँकेचा आणि मोठ्या भरती-खर्चाचा मामला होता. पंधरा हजारांच्या नोकरीला दोन लाखांचा बॉण्ड वेगळ्या नजरेने पाहिला जाईल. पण "चालत नाही" म्हणून डोळे मिटून सही करू नये. रक्कम आणि ट्रेनिंगवर कंपनीने खरोखर केलेला खर्च याचा मेळ बसतो का, हे विचारावं आणि कराराची प्रत घरी आणावी.

नेमणूकपत्र मागायला लाजू नये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार ते प्रत्येक कामगाराला द्यायचं आहे, आणि नोकरी सुटली की उरलेला पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा आहे.

मालकांसाठी

चिंचोळी एमआयडीसीतले उद्योजक म्हणतात, "सोमवारी येतो म्हणाला, आलाच नाही, फोनही बंद." मशीन रिकामं राहतं, ऑर्डर अडते. ही तक्रार रास्त आहे. दुसरीकडे नोकरी पक्की झाली असेल तर पहिल्या ठिकाणी "माफ करा, मी येऊ शकत नाही" एवढा निरोप देणं उमेदवाराचं कर्तव्य आहे. तोही खर्चच वाचवणं आहे, फक्त दुसऱ्याचा.

पण माणसं टिकवायला आणि शोधायला मालकाला खूप पैसे लागतात असं नाही. महास्वयं पोर्टलवर जागा टाकायला काहीच पडत नाही. जिल्हा कौशल्य विकास केंद्राच्या रोजगार मेळाव्यात टेबल मोफत मिळतं. तिथे आलेल्या प्रत्येकाला पगाराचा आकडा लिहिलेला कागद दिला, तर निम्मी गर्दी आपोआप योग्य उमेदवारांची राहते आणि दोघांचाही दिवस वाचतो. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन सरकारकडून ठरलं. असा उमेदवार घेताना त्याला चहा आणायला न लावता काम शिकवायचं.

मुलाखतीत "लग्न कधी करणार?", "मूल लवकर होईल का?", "कुणाचे तुम्ही?" हे प्रश्न विचारू नयेत. भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला वेतन संहितेनेही मनाई केली आहे. मुलींच्या आयांना या प्रश्नांनीच मुलीला नोकरीला पाठवणं नकोसं होतं.

बाहेरगावाहून बोलावलं असेल तर जाण्यायेण्याचं भाडं द्यावं. पंढरपूर, बार्शी, अक्कलकोटहून येणाऱ्या मुलांना दोनशे-अडीचशे रुपये ही मोठी रक्कम आहे, कारखान्याला ती काहीच नाही. निवड झाली नसेल तर कळवावं. त्याला फार शब्द लागत नाहीत. माझ्या ओळखीचे एक टॉवेल कारखानदार संध्याकाळी सातच्या आत सगळ्यांना असा मेसेज पाठवतात: "आज आलात, आभार. या जागेसाठी दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली आहे. तुमचं बसभाडं २२० रुपये आत्ता पाठवलं आहे. मार्चमध्ये पॅकिंगला माणसं लागतील, तेव्हा फोन करू." मार्चमध्ये त्यांना जाहिरात द्यावी लागत नाही.