वारसा-क्षेत्रातलं घर आणि भाडं

प्रश्न : माझ्या मुलीला न्यूयॉर्कमध्ये नोकरी लागली आहे. ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हेसंट भागातल्या जुन्या, नूतनीकरण झालेल्या ब्राउनस्टोन घराचा एक मजला ती भाड्याने घेते आहे. घर वारसा-क्षेत्रात आहे, म्हणजे भाडं वाढणार नाही ना? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, वारसा-दर्जा जपतो तो मुख्यतः इमारतीचं बाह्यरूप, भाड्याशी त्याचा संबंध नाही. तिथलं भाडेनियंत्रण साधारणपणे १९७४ पूर्वीच्या, सहा किंवा अधिक घरं असलेल्या इमारतींना लागू होतं. ब्राउनस्टोनमध्ये बहुधा तीन-चारच घरं असतात. हा भाग गेली काही वर्षं झपाट्याने महागतो आहे, तेव्हा करार संपल्यावर वाढ होईल असंच धरून चाला. जमलं तर दोन वर्षांचा करार मागावा.

तरी घाबरू नका, कायदा तिच्या बाजूने बराच आहे. २०१९ पासून एका महिन्याच्या भाड्याहून जास्त अनामत घेता येत नाही. जून २०२५ पासून दलाली ज्याने दलाल नेमला त्यानेच द्यायची आहे.

मात्र घर आतून पाहिल्याशिवाय, ओळखीच्या कुणाला तरी दाखवल्याशिवाय एक डॉलरही पाठवू देऊ नका. इमारतीत किती घरांना परवानगी आहे, हे शहराच्या इमारत विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येतं. तळघरातली खोली असेल तर हे तपासायलाच हवं. अशा खोल्या पुष्कळदा बेकायदा असतात आणि आग लागली तर जिवावर बेततं. हिवाळ्यातल्या हीटिंगचं बिल कोण भरणार, तेही करारात लिहून घ्यावं.