उत्प्रेरकाचे आयुष्य

उज्जैन येथे 2016 साली सिंहस्थ भरला, तेव्हा डिझेल वाहनांसाठीची ‘भारत-6’ ही प्रदूषण मानके लागू झालेली नव्हती. ती 1 एप्रिल 2020 पासून अमलात आली. त्यामुळे 2028 च्या सिंहस्थासाठी धुळे, सेंधवा, इंदूर या मार्गाने क्षिप्रेकाठी जाणाऱ्या यात्रेकरूंच्या अनेक बसगाड्यांत डिझेलच्या टाकीशेजारी युरियाच्या द्रावणाची एक लहान टाकी दिसेल. तिचे प्रयोजन समजून घेणे अगत्याचे आहे.

इंजिनातील प्रखर उष्णतेत हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात. ही ऑक्साइडे श्वसनमार्गास अपायकारक असतात. जड वाहनांच्या बाबतीत त्यांची मर्यादा पूर्वी दर किलोवॉट-तासास 3.5 ग्रॅम होती. बदलत्या भाराच्या चाचणीत ती आता 0.46 ग्रॅम आहे. यासाठी धुराच्या नळीत युरियाचे द्रावण फवारतात. त्यापासून अमोनिया तयार होतो आणि मधाच्या पोळ्यासारख्या सच्छिद्र ठोकळ्यावरील उत्प्रेरकाच्या साहाय्याने ऑक्साइडांचे निरुपद्रवी नायट्रोजन व पाण्याची वाफ यांत रूपांतर होते.

उत्प्रेरक या क्रियेत स्वतः खर्ची पडत नाही, असे शाळेत शिकविले जाते. ते खरेच आहे. परंतु खर्ची न पडणारी वस्तू निकामी होऊ शकते. सर्वांत जड वाहनांच्या यंत्रणेने 7 लाख किलोमीटर किंवा 7 वर्षे टिकावे, अशी अपेक्षा आहे. धुरातील काजळी गाळणीत साठते व ती जाळताना तापमान 600 अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. या उष्णतेत वाफेमुळे झिओलाइट या स्फटिकातील ॲल्युमिनियम सुटे होऊन त्याची चौकट ढासळते. यावर शास्त्रज्ञांनी अतिसूक्ष्म छिद्रांचा, चाबाझाइटच्या रचनेचा कृत्रिम झिओलाइट तांब्यासह वापरात आणला. अरुंद छिद्रांमुळे ही चौकट उष्णतेत अधिक काळ तग धरते. गंमत अशी की, नैसर्गिक चाबाझाइट दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सापडतो. माळव्याचे पठारही त्याच जातीच्या पाषाणाचे आहे.

दुसरा शत्रू गंधक. तो तांब्याशी संयोग पावून उत्प्रेरकाची क्रिया मंदावतो. म्हणूनच डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दर दशलक्ष भागांत 50 वरून 10 भागांवर आणण्यात आले. इंजिन-तेलातील फॉस्फरसही असाच घातक ठरतो.

तिसरा धोका मात्र प्रयोगशाळेबाहेरचा आहे. या द्रावणात 32.5 टक्के शुद्ध युरिया व क्षाररहित पाणी असते. शेतीच्या 45 किलोच्या गोणीतील युरिया विहिरीच्या पाण्यात विरघळवूनही काम भागेल, अशी समजूत कोठेकोठे आढळते. ती महागात पडते. त्या युरियावर निंबोळी तेलाचा लेप असतो, तर पाण्यात कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम यांचे क्षार असतात. हे क्षार उत्प्रेरकाच्या कार्यक्षम जागा अडवून बसतात. असा ठोकळा धुऊन पूर्ववत होईल याचा भरवसा नसतो. बहुधा तो बदलावाच लागतो आणि त्याचा खर्च मोठा असतो. शिवाय शेतकऱ्यांसाठी अनुदानावर मिळणारा युरिया अशा कामाकडे वळविणे कायद्याने निषिद्ध आहे.

द्रावण विकत घेताना सीलबंद डबा व त्यावरील उत्पादनाची तारीख पाहावी. डबा उन्हात ठेवू नये आणि त्या टाकीसाठी डिझेलचे नरसाळे कदापि वापरू नये.