सेल्फ उचलत नाही? बॅटरीआधी केबल बघा

दिल्लीभोवतीच्या बागपत, मेरठ, मुझफ्फरनगर पट्ट्यात गाळपाच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या कारखान्यासमोर रांगेत उभ्या असतात. सांगली-कोल्हापुरातही चित्र तेच. रांग चार हात सरकते, डिझेल वाचावे म्हणून इंजिन बंद होते, पुढची ट्रॉली हलली की पुन्हा सेल्फ. जुना डायनामो इतक्या थोड्या वेळात, तेही हळू चालणाऱ्या इंजिनावर, बॅटरीत फारसे काही भरत नाही. पहाटेपर्यंत सेल्फ नुसता ‘खट्’ करून गप्प बसतो. मग धक्का मारा, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरचे टोचन शोधा. रात्री ट्रॅक्टर उतारावर लावून ठेवण्याची सवय अनेक गावांत पडली आहे ती यामुळेच.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो नवी बॅटरी टाकण्याचा. बॅटरी खरेच संपलेली असेल तर तो योग्यच आहे. पण जुन्या ट्रॅक्टरवर हजारो रुपये मोजण्याआधी तिच्यापासून सेल्फपर्यंत जाणारी केबल आणि बॉडीची, म्हणजे अर्थची तार तपासलीच पाहिजे.

फरिदाबादच्या कारखान्यातून आयशरचा पहिला ट्रॅक्टर १९५९ मध्ये बाहेर पडला. पुढे फरिदाबादमधूनच एस्कॉर्ट्स आणि फोर्ड ट्रॅक्टर देशभर गेले. त्यातले कितीतरी अजून शेतात राबत आहेत. इंजिन दोन-तीनदा बांधून झालेले असते, केबल मात्र कधीतरी मिळेल ती लावलेली असते. ऑक्टोबरात ती निभावते. थंडीत बॅटरीची ताकद घटते, इंजिनातले ऑइल घट्ट होते आणि सेल्फला जास्त जोर लागतो. १ जानेवारी २०२१ ला दिल्लीत सफदरजंगला पारा १.१ अंशांवर उतरला होता. आपल्या निफाडकरांनाही असा गारठा नवा नाही. अशा पहाटे बारीक केबल उघडी पडते.

हिशेब साधा आहे. सेल्फ फिरताना ३०० अँपिअर ओढतो असे धरा, आणि जाण्या-येण्याच्या दोन्ही तारा मिळून २ मीटर. तांब्याची तार १६ चौरस मिलिमीटरची असेल तर वाटेतच सुमारे ०.६५ व्होल्ट खर्च होतात. ३५ ची असेल तर ०.३, आणि ५० ची असेल तर ०.२. गंजलेल्या जोडांचे नुकसान वेगळेच. थंड बॅटरी सेल्फ मारताना आधीच १० व्होल्टच्या आसपास खाली येते, तिथे अर्धा व्होल्टही महागात पडतो. म्हणून १२ व्होल्टच्या ट्रॅक्टरला ३५ पेक्षा कमी घेऊ नका. बॅटरी सेल्फपासून लांब असेल तर सरळ ५० ची घ्या. अर्थची तारही तेवढीच जाड हवी, कारण जेवढा करंट जातो तेवढाच परत येतो. सर्वात जास्त हेळसांड या तारेचीच होते.

दिल्लीत काश्मिरी गेटला गाड्यांचे सुटे भाग मिळतात आणि भागीरथ पॅलेसला विजेचे सामान. तिथला माल देशभर जातो, त्यामुळे तुमच्या तालुक्याच्या दुकानातली केबलही तिथूनच आलेली असू शकते. वरची जाडी बघून फसू नका. जाड प्लास्टिकच्या आत चिमूटभर तारा असलेल्या केबल सर्रास विकल्या जातात. टोक सोलून दाखवायला सांगा. एक बारीक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे. त्याचा विरोध तांब्याच्या दीडपटीच्या आसपास असतो. हातात घेतल्यावरही ती हलकी लागते. वेल्डिंगची तांब्याची केबल लवचिक असते, इंजिनाच्या थरथरीत टिकते आणि मीटरवर मिळते, म्हणून मला तीच पसंत आहे. फक्त वेल्डिंग केबल ॲल्युमिनियमचीही येते, हे विसरू नका. वेल्डिंग केबलचे रबर डिझेल-ऑइलने खराब होते, तेव्हा वरून स्लीव्ह चढवा आणि सायलेन्सरपासून दूर बांधा.

थिंबल तांब्याचे घ्या आणि प्रेसने दाबून घ्या. हातोडीने ठोकून वर टेप गुंडाळलेला जोड वर्षभरात हिरवा पडतो. अर्थची तार पत्र्याच्या रंगावर कसू नका. सेल्फच्या बोल्टजवळ इंजिनावर पॉलिश पेपरने धातू चकचकीत करून तिथे कसा, वर थोडी पेट्रोलियम जेली लावा.

केबल खरेच दोषी आहे का, हे मीटर सांगतो. मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर आणि दुसरे सेल्फच्या मुख्य बोल्टवर धरा, ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवले तर त्या बाजूची केबल, जोड किंवा सोलेनॉइड खराब. मग निगेटिव्ह खांब आणि सेल्फची बॉडी यांमध्ये तपासा. तिथे ०.२ च्या आत हवे.

काम करताना बॉडीची तार आधी सोडा आणि शेवटी जोडा. जुन्या ब्रिटिश फर्ग्युसनसारख्या काही ट्रॅक्टरांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असते, तिथेही नियम हाच. हा क्रम चुकला आणि पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी उडते आणि चार्जिंगमध्ये निघालेला वायू पेटून बॅटरी फुटू शकते.