धुतलेल्या गाडीवरच डाग का पडतात?

प्रश्न : आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी आहे. दर रविवारी मी गाडी धुतो, पण दुपारपर्यंत काचांवर आणि आरशांवर पांढरे ठिपके उमटतात. शाम्पू, गरम पाणी, रॉकेल, सगळं करून झालं. पावसात भिजलेल्या गाडीवर मात्र असे डाग दिसत नाहीत. मग धुतल्यावरच काच खराब का होते? आणि हे डाग काढायचे कसे?

उत्तर : पावसाचं निरीक्षण तुम्ही अगदी नेमकं केलंत. अर्धं उत्तर त्यातच आहे. हे डाग धुळीचे असते, तर धुतल्यावर कमी झाले असते. ते धुतल्यावरच उमटतात, याचा अर्थ ते धुण्याच्या पाण्यातून येतात.

पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. तेच पाणी जमिनीत मुरताना मातीतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. मग खडकांच्या फटींतून झिरपताना ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून सोबत नेतं. आपल्याकडच्या काळ्या बसाल्टमध्ये ही दोन्ही मूलद्रव्यं भरपूर. थोडी सिलिकाही त्यातूनच पाण्यात उतरते. तिचा त्रास काय, ते पुढे येईलच. बोअरमधून उपसतो ते हे जड पाणी.

‘पण आम्ही तेच पाणी पितो, मग ते वाईट कसं?’ असं अनेकजण विचारतात. ते वाईट नाहीच. भारतीय मानक ब्युरोच्या निकषानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता, म्हणजे त्यातल्या या क्षारांचं प्रमाण, लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोतच नसेल, तर 600 पर्यंत चालते. समजा तुमच्या बोअरची कठीणता 400 आहे. मग 15 लिटरच्या बादलीत 6 ग्रॅम, म्हणजे साधारण चहाचा चमचाभर क्षार होतो. पोटाला त्याचं काही वाटत नाही, पण काचेवर तो लपत नाही.

थेंब वाळतो तेव्हा पाणी उडून जातं, कार्बन डायऑक्साइडही निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट मागे राहतं. थेंबाची कड आधी वाळते, त्यामुळे आतलं पाणी कडेकडे ओढलं जातं आणि जाताना क्षारही तिकडे नेतं. डाग मधे फिका आणि कडेला ठळक, गोल कड्यासारखा दिसतो तो यामुळे. उन्हात तापलेल्या काचेवर पाणी पुसायच्या आतच वाळतं, म्हणून रविवारी दुपारी धुतलेली गाडी सर्वांत जास्त डागाळते.

आता तुमचे उपाय का फसले ते पाहू. शाम्पू तेलकट मळ सोडवतो, हा थर मात्र खनिजाचा आहे. रॉकेलही तेलच विरघळवतं, क्षाराला ते काही करत नाही. साध्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट लिटरला जेमतेम 14 मिलिग्रॅम विरघळतं, आणि पाणी तापवलं तर आणखी कमी. साखर किंवा मिठाच्या अनुभवावरून आपल्याला उलटं वाटतं, पण हा क्षार तसा वागत नाही. गीझरच्या कॉइलवर थर चढतो, त्याचंही हेच कारण. शिवाय गरम पाणी बोअरचंच असेल, तर प्रत्येक धुण्याबरोबर आपण नवा क्षार आणून ठेवतो.

या क्षाराला आम्ल लागतं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घ्या, किंवा ग्लासभर पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड घाला. लिंबाचा रसही चालतो, फक्त नंतर तो नीट धुवून काढावा, नाहीतर काच चिकट होते. आम्लाने कार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरलेला भाग पाण्यात सहज विरघळतो.

गाडी सावलीत लावा आणि काच गार होऊ द्या. आधी भरपूर पाण्याने धूळ काढून टाका. धुळीत काचेपेक्षा कठीण कण असतात. त्यांच्यासकट घासलं तर ओरखडे कायमचे राहतात. उभ्या काचेवरून द्रव लगेच ओघळतो, म्हणून जुनं सुती कापड त्यात भिजवून पिळा आणि पाच-दहा मिनिटं काचेला चिकटवून ठेवा. वाळू देऊ नका. मग हलक्या हाताने चोळा, पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं पुसा. खाली शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी फरशी असेल तर गाडी तिच्यावर उभी करून हे करू नका. त्या फरश्याही कॅल्शियम कार्बोनेटच्याच, आम्ल त्यांनाही खातं.

आरशांना जास्त जपावं लागतं. बऱ्याच आरशांचा चकाकता धातूचा थर काचेच्या मागे असतो. फवारा मारला की आम्ल कडेतून आत शिरतं आणि कडा काळ्या पडू लागतात, म्हणून आरशावर ओलं कापडच वापरा. काही गाड्यांत हा थर काचेच्या पुढच्या बाजूला असतो. तिथे टूथपेस्ट किंवा भांडी घासायची पावडर लावली तर थरच खरवडला जातो. टूथपेस्टने डाग जातो असं सर्रास सांगितलं जातं. ती क्षार विरघळवत नाही, नुसती घासून काढते. बाथरूमचं ॲसिड तर गाडीजवळ आणूच नका. ते क्रोमची पट्टी, ॲल्युमिनियम आणि रंग खराब करतं, आणि ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

दोन-तीनदा करूनही डाग तसाच राहिला, तर तो बहुधा सिलिकाचा आहे, किंवा पाणी फार काळ साचून काचच किंचित कोरली गेली आहे. व्हिनेगरचा दोन्हींवर उपयोग नाही. अशा वेळी काच पॉलिश करायला सेरियम ऑक्साइड वापरतात. बाजूच्या काचांवर ते घरी जमेल, पण चालकासमोरच्या काचेचं काम जाणकाराकडूनच करून घ्या. एकाच जागी जास्त घासलं तर काच असमान होते आणि समोरचं वेडंवाकडं दिसू लागतं. आरशाला मात्र पॉलिश करू नये, त्याची काच बदलून घ्यावी. रात्री समोरच्या हेडलाइटचा प्रकाश या डागांवर विखुरतो आणि रस्ता ओलांडणारा माणूस त्यात दिसेनासा होतो, म्हणून हे काम लांबणीवर टाकू नका.

पुढे डाग पडू नयेत म्हणून धुण्यापेक्षा पुसण्याकडे लक्ष द्या. संध्याकाळी किंवा सकाळी लवकर धुवा आणि एकेक काच धुतली की तिथल्या तिथे मायक्रोफायबरच्या कापडाने कोरडी करा. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी हवेतल्या बाष्पाचं असतं, त्यात क्षार नसतात. ते गाळून शेवटच्या हातासाठी ठेवा. आरओमधून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून पुष्कळजण त्याने गाडी धुतात. हेतू चांगला आहे, पण आरओने गाळलेले सगळे क्षार त्याच पाण्यात साठलेले असतात. ते संडासात ओतायला वापरा, काचेवर नको.