उत्तराची वाट पाहण्याची रीत

दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी घरोघरी एकच दृश्य दिसते. विद्यार्थी आपला आसनक्रमांक व आईचे नाव पडद्यावर भरतो, बटण दाबतो, आणि सारे घर श्वास रोधून पाहत राहते. राज्यभरातील १५ लाखांच्या आसपास परीक्षार्थी एकाच सुमारास हाच प्रश्न विचारीत असल्यामुळे उत्तर यावयास विलंब लागू शकतो. या मधल्या काळात वेबपृष्ठाने काय करावे, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. त्याचाच विचार आम्ही येथे करणार आहोत.

वेबपृष्ठास हालते-बोलते करणारी भाषा जावास्क्रिप्ट ही होय. ब्रेंडन आइक यांनी ती १९९५ साली नेटस्केप कंपनीत असताना तयार केली. तिचा एक विशेष ध्यानात ठेविला पाहिजे. तिला सामान्यतः एका पृष्ठावर एका वेळी एकच काम करता येते. ती एखाद्या कामात अडकून पडली की बटण दाबूनही काही घडत नाही, कळ दाबूनही अक्षर उमटत नाही. सारे पृष्ठ थिजून जाते. म्हणून दूरच्या सर्व्हरकडे प्रश्न पाठवून, उत्तर येईपर्यंत तेथेच उभे राहणे तिला परवडत नाही.

मग तिने करावे तरी काय? ही युक्ती आपल्या वाळूजमधील कोणतीही माता जाणते. कारखान्यात दुसऱ्या पाळीस जाण्यापूर्वी ती दळणाचा डबा गिरणीत ठेविते. पण तेथे तिष्ठत बसत नाही. बाजार उरकते, स्वयंपाक आटोपते, आणि दळण झाल्याचा निरोप आला की डबा घरी आणविते. जावास्क्रिप्टही असेच करते. ती प्रश्न ब्राउझरच्या स्वाधीन करते, उत्तर आल्यावर काय करावयाचे ते सांगून ठेविते, आणि पुढच्या कामास लागते. उत्तर आले म्हणजे ते सांगून ठेविलेले काम रांगेत येऊन उभे राहते. हातचे काम संपले की रांगेतील पुढचे काम हाती घेतले जाते. या अखंड फेऱ्यास ‘इव्हेंट लूप’ म्हणतात. बटण दाबणे, कळ दाबणे, घड्याळाची मुदत भरणे, या साऱ्या घटनाही अशाच रांगेने येतात. यावरून हेही समजेल की ‘पाच सेकंदांनी हे कर’ या आज्ञेचा खरा अर्थ ‘पाच सेकंदांच्या आत करू नको’ एवढाच आहे. हात गुंतलेला असेल तर अधिक वेळही लागेल.

पूर्वी निरोपाच्या पोटात निरोप, त्याच्या पोटात तिसरा निरोप, असे लिहावे लागे व वाचणाऱ्याची मती गुंग होई. २०१५ सालच्या प्रमाणित आवृत्तीत ‘प्रॉमिस’, म्हणजे वचन, ही सोय आली. वचनाच्या तीन अवस्था असतात: प्रलंबित, पूर्ण झालेले, आणि नाकारले गेलेले. एकदा पूर्ण झालेले वा नाकारले गेलेले वचन पुन्हा बदलत नाही. २०१७ साली ‘असिंक’ व ‘अवेट’ हे शब्द आले आणि लिखाण अधिक सुबोध झाले. मात्र ‘अवेट’ लिहिल्याने सारे पृष्ठ थांबते असे समजू नये. थांबते ते केवळ ते एक कार्य.

आता एक अनुभव सांगतो. संगणकाच्या तासास आमच्या विद्यार्थ्यांनी चाचणीचे गुण दाखविणारे एक पृष्ठ रचिले. क्रमांक भरताच नाव तत्काळ बदले. गुण मात्र उत्तर आल्यावर उमटत. एका मुलीने घाईत प्रथम शेजारणीचा क्रमांक भरला, व लागलीच आपला. तिचे उत्तर आधी आले. शेजारणीचे मागाहून आले व त्यावरच लिहिले गेले. वर नाव हिचे, खाली गुण शेजारणीचे, आणि गणितात नापास! तिच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. आम्ही गुणपत्रक काढून पाहिले, तेव्हा ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली होती.

चूक कोणाची? यंत्राची नव्हे. ज्या क्रमाने प्रश्न जातात त्याच क्रमाने उत्तरे येतील, असे आम्ही गृहीत धरिले होते. उपाय सोपा निघाला. प्रत्येक प्रश्नास अनुक्रमांक द्यावा, आणि येणारे उत्तर शेवटच्या प्रश्नाचे नसेल तर ते टाकून द्यावे. शिवाय नाव व गुण एकाच उत्तरातून घ्यावेत, म्हणजे एकाचे दुसऱ्याच्या माथी बसणार नाही.

उत्तर आलेच नाही तर काय, हेही आधीच लिहून ठेविले पाहिजे. ‘फेच’ या आज्ञेविषयी नवशिक्यांची येथे हटकून फसगत होते. सर्व्हरने ‘पृष्ठ सापडत नाही’ असे कळविले तरी तिच्या दृष्टीने उत्तर आले, म्हणजे वचन पूर्ण झाले! म्हणून उत्तर ठीक आहे की नाही, हे आपण स्वतंत्रपणे तपासावे. तसेच फी भरण्याचे बटण एकदा दाबताच निष्क्रिय करावे आणि ‘काम चालू आहे’ असे स्पष्ट लिहावे. नाहीतर गोंधळलेला पालक ते पुन्हा दाबतो व फी दोनदा जाण्याचा संभव राहतो.

शुभवर्तमानातील दहा कुमारींच्या दाखल्यात वराला येण्यास उशीर झाला, तेव्हा दहाही जणींस झोप लागली. भेद होता तो जवळच्या तेलाचा. विद्यार्थीमित्रहो, विलंब टाळणे आपल्या हाती नसते. विलंबाची तजवीज आधी करून ठेवणे मात्र असते. तुमच्या पृष्ठापुढे कोणीतरी श्वास रोधून बसलेले असेल, हे लिहिताना विसरू नका.