पेट्रोल भरले की गाडी अडते : दोष कुठे शोधावा?

मालाची गाडी वेळेवर निघाली नाही तर व्यापाऱ्याचे दुहेरी नुकसान होते. खर्च अंगावर पडतो आणि गिऱ्हाईकाला दिलेला शब्दही खाली पडतो. म्हणून गाडीच्या अशा एका दोषाविषयी आज लिहीत आहोत, जो ओळखायला सोपा असूनही पुष्कळांचा पैसा वाया घालवतो. गाडी सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते, दिवसभर तक्रार नसते. मात्र पंपावर पेट्रोल भरून निघायचे म्हटले की सेल्फ फिरत राहतो आणि इंजिन चालू होत नाही. झालेच तर काही सेकंद धडधडते, पेट्रोलचा वास येतो आणि मग काहीच झाले नाही अशी धावते.

आमच्या कापडाच्या व्हॅनला हाच आजार जडला होता. आम्ही आधी पंपवाल्यावर भेसळीचा संशय घेतला आणि चार लोकांत त्याला बोललो. मग मिस्त्रीच्या अंदाजाने बॅटरी बदलली, पुढे टाकीतला पंप बदलला. साडेनऊ हजार रुपये गेले, आजार तसाच राहिला. शेवटी एका वयस्क उस्तादाने बॉनेट उघडण्याआधी एवढेच विचारले, "हे नेमके केव्हा होते?" छापील थानात एकच डाग ठरावीक अंतराने येत असेल तर आपण रंगाला दोष देत नाही, रूळ पाहतो. गाडीचेही तसेच आहे.

कारण असे. टाकीत पेट्रोल पडते तेव्हा आतली वाफ बाहेर ढकलली जाते. ती हवेत जाऊ नये म्हणून पेट्रोल गाड्यांना कोळशाच्या दाण्यांचा एक डबा असतो. त्याला कॅनिस्टर म्हणतात. कोळसा वाफ धरून ठेवतो. इंजिन चालू असताना ही वाफ थोडीथोडी ओढून जाळली जाते. या वाटेवरचे दार म्हणजे पर्ज व्हॉल्व्ह. इंजिन बंद असताना हे दार बंदच असले पाहिजे. ते उघडे अडकले तर पेट्रोल भरताना वाफ इंजिनच्या हवेच्या वाटेत शिरून साचते. मग सेल्फ मारला की पेट्रोल जास्त, हवा कमी, आणि मिश्रण पेट घेत नाही. डिझेल गाडीला ही व्यवस्था नसते.

परंतु प्रत्येक वेळी दोष व्हॉल्व्हचाच असतो असे नाही. म्हणून खालील प्रश्न क्रमाने विचारावेत.

१) सेल्फ जोमाने फिरतो का? संथ फिरला किंवा नुसता 'टक' आवाज आला तर बॅटरी व तिची टोके तपासावीत. पेट्रोलचा संबंध नाही.

२) पेट्रोल न भरता गाडी तेवढाच वेळ बंद ठेवली तरी असेच होते का? होत असेल तर दोष इंधनाचा दाब उतरण्यात, इंजेक्टर गळण्यात किंवा तापमानाच्या सेन्सरमध्ये असू शकतो.

३) गाडी पंपावरून नीट निघते आणि काही अंतरावर झटके देते का? तसे असेल तर पेट्रोलात पाणी किंवा भेसळ असण्याचा संशय रास्त आहे. ग्राहकाला पंपावर फिल्टर पेपर व घनता तपासून मागण्याचा हक्क आहे.

४) फक्त पेट्रोल भरल्यावरच अडते आणि ॲक्सिलरेटर दाबला की चालू होते का? तर पहिला संशय पर्ज व्हॉल्व्हवर.

आता खात्री करावी. व्हॉल्व्ह बहुधा बॉनेटखाली, इंजिनच्या हवेच्या नळीजवळ असतो. प्लॅस्टिकचा लहान भाग, दोन रबरी नळ्या आणि एक वायरचा प्लग अशी त्याची खूण. इंजिन थंड असताना तो काढून एका तोंडाकडून सायकलच्या पंपाने हवा सोडावी. वीज जोडलेली नसताना हवा आरपार गेली तर व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे. तोंडाने फुंकू नये, आणि जवळ विडी-काडी बिलकुल नको. गॅरेजमध्ये स्कॅनर असेल तर पी०४९६ हा कोडही याच दोषाकडे बोट दाखवतो. मात्र कोड आला नाही म्हणून व्हॉल्व्ह निर्दोष ठरत नाही. हा भाग टाकीतल्या पंपापेक्षा पुष्कळ स्वस्त असतो.

वाटेत गाडी अडलीच तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारावा. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत त्या वेळी पेट्रोल बंद राहते आणि साचलेली वाफ हवेने निघून जाते. इंजिन चालू होताच पाय सोडावा. हा तात्पुरता उपाय आहे, इलाज नव्हे.

एक सवय मात्र आपल्याच हातात आहे. नोझल आपोआप बंद झाल्यावर 'राउंड फिगर' करण्यासाठी आणखी पेट्रोल कोंबू देऊ नये. ते पेट्रोल डब्यात उतरून कोळसा भिजवते. कोळशाचे कण सुटले तर ते व्हॉल्व्हमध्ये अडकून दार उघडे ठेवतात. दहा-वीस रुपयांच्या हिशोबासाठी हजारांचा खर्च ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

व्हॉल्व्ह बदलल्यावर आम्ही त्याच पंपावर टाकी भरली. गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. ती तशीच चालू ठेवून निघून जाणे आम्हाला बरे वाटले नाही. गाडी बंद केली आणि ज्या चार लोकांत बोललो होतो, त्यांच्यापैकी जे हजर होते त्यांच्यासमोर पंपवाल्याची माफी मागितली. बॅटरी व टाकीतल्या पंपाचे पैसे परत आले नाहीत. पण आधी 'केव्हा होते' हे विचारावे आणि मगच कोणावर बोट ठेवावे, एवढे त्या पैशांत शिकलो.