खाडीवरची लेणी कोणी कोरली?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे सगळे तळा तालुक्यातल्या मांदाडजवळची कुडे लेणी पाहायला गेलो होतो. वर चढून मागे वळलं की खाली राजपुरीची खाडी दिसते. सहावीतल्या मुलीने तिथेच विचारलं, “बाबा, पूर्वी समुद्र इथपर्यंत होता का? त्यानेच ही भोकं पाडली असतील!” मी नाही म्हणालो, पण का नाही हे सांगता येईना. शिवाय भिक्षूंनी एवढी आडबाजूची जागा का निवडली असेल?
– एक वाचक, पेण

उत्तर : मुलीचा तर्क अजिबात वेडगळ नाही. समुद्र खडक पोखरतो हे खरंच आहे आणि तुमच्याच जिल्ह्यात ते पाहायला मिळतं. फक्त कुड्याला ते घडलेलं नाही.

आधी समुद्राच्या पातळीचं पाहू. पूर्वी समुद्र फार वर होता आणि मग मागे हटला, असं आपल्याला उगीच वाटत असतं. परशुरामाच्या कथेचाही त्यात वाटा असावा. प्रत्यक्षात गेल्या हिमयुगाच्या ऐन कडाक्यात, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, जगभरातला समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता, कारण पाणी बर्फात अडकलं होतं. बर्फ वितळत गेला तसा समुद्र चढत आला आणि गेल्या काही हजार वर्षांत तो साधारण आजच्या पातळीजवळच घुटमळतो आहे. म्हणजे लेणी खोदली गेली त्या काळात, इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकाच्या सुमारास, भरतीची लाट त्या डोंगराच्या कुशीपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं.

आता खडकाचं. आपला काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. आंध्रातल्या बोरा गुहा किंवा मेघालयातल्या गुहा चुनखडीच्या आहेत. पावसाचं किंचित आम्लधर्मी पाणी चुनखडी विरघळवतं आणि आत मैलोन्मैल पोकळ्या होतात. बेसाल्ट तसा विरघळत नाही. सह्याद्रीत आपोआप झालेल्या कपारी आढळतात त्या बहुधा दोन लाव्हाथरांच्या मधल्या, गेरूसारख्या लाल, मऊ थराच्या जागी. हा थर आधी झिजतो आणि वरचा कठीण खडक छपरासारखा पुढे राहतो. अशी कपार आडवी, पसरट आणि बुटकी असते. तिथे उभं राहून कुणी हात वर केला तर बोटं छताला लागतील.

कुड्याला मात्र काटकोन आहेत, आणि माझ्या मते सगळा निवाडा तिथेच होतो. निसर्ग गोलाई देतो, चिरा पाडतो, पापुद्रे काढतो. चौकोनी खोली, तिला चौकोनी दार, आत झोपायला दगडाचाच ओटा, हे त्याच्या हातून होत नाही. पुढच्या वेळी मुलीला भिंतीशी अगदी जवळ उभं करा आणि मोबाइलचा उजेड समोरून न टाकता कडेने, भिंतीला घासून जाईल असा टाका. जिथे भिंत फार झिजलेली नाही तिथे तिरक्या, समांतर रेघा उठून दिसतील. त्या टाकीच्या खुणा. आणखी एक गोष्ट पाहायची. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात आणि पुढे त्या पोकळ्यांत पांढरी खनिजं भरतात. उघड्यावर झिजलेल्या खडकात या पांढऱ्या गाठी बऱ्याचदा बाहेर डोकावताना दिसतात, कारण भोवतालचा दगड आधी जातो. कोरलेल्या भिंतीत त्याच गाठी सुरीने कापलेल्या बर्फीतल्या पिस्त्यासारख्या सपाट छाटलेल्या असतात. लाटेला असं छाटता येत नाही.

खोदायची रीतही मुलीला आवडेल अशी आहे. आपण घर बांधतो ते पायापासून वर. लेणं उलटं, छतापासून खाली उतरत यायचं. कड्याच्या तोंडाशी आधी वरचा भाग फोडून छत सपाट करून घ्यायचं, मग पायाखालचा दगड काढत काढत खाली यायचं. त्यामुळे छताच्या कामाला परांची बांधावी लागत नाही, कारागीर न काढलेल्या दगडावरच उभा असतो. हे अंदाजाने सांगत नाही. अजिंठ्याचं २४ क्रमांकाचं लेणं अर्धवट सोडलेलं आहे, तिथे कामाचे टप्पे जसेच्या तसे दिसतात. या पद्धतीत चूक दुरुस्त करायची सोय नाही. खांब जास्त तासला गेला तर नवा आणून लावता येत नाही.

तरीही सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे माणसांनी स्वतःच लिहून ठेवलंय. कुड्याला वर-खाली दोन रांगांत मिळून २६ लेणी आहेत आणि त्यांत ब्राह्मी लिपीतले, प्राकृत भाषेतले बरेच दानलेख आहेत. हे कोणी दिलं, ते कोणाचे कोण, अशी रोखठोक नोंद. इथे महाभोज मांदव घराण्याची सत्ता होती. त्यांच्या पदरी असलेला लेखक शिवभूती, त्याचा धाकटा भाऊ शिवम आणि घरची मंडळी एका लेखात भेटतात. वैद्य सोमदेव आहे, आपल्या मुलामुलींच्या नावांसह. वधुक नावाच्या माळ्याचं घराणं आहे. कऱ्हाडचा महिक नावाचा लोखंडाचा व्यापारी आहे. आयितिलु नावाच्या ब्राह्मण उपासकाची बायको भयिला हिने एक चैत्यगृह दान केलंय. पदुमनिका नावाची भिक्षुणीही दात्यांमध्ये आहे. मला स्वतःला सहाव्या लेण्याच्या दाराशी असलेल्या हत्तींपेक्षा ही यादी जास्त खिळवून ठेवते. हत्ती सगळ्यांच्या फोटोत येतात. माळी आणि वैद्य यांच्याकडे कुणी बघत नाही.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दडलंय. जागा आडबाजूची नव्हती, आज ती झाली आहे. भिक्षूला रोज भिक्षेला जायचं असतं, म्हणजे वस्ती चालत गाठता आली पाहिजे. पण वस्तीचा गलबलाही नको. अशा बेताच्या अंतरावर लेणं खोदत. राजपुरीची खाडी आत मांदाडपर्यंत घुसते, आणि खाडीचं शेपूट म्हणजे जुन्या काळी गलबतांना वाऱ्यावादळापासून सुरक्षित जागा. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात मंदगोरा नावाचं बंदर येतं. काही अभ्यासक ते मांदाड मानतात, काहींचा कल बाणकोटकडे आहे. नावाचा वाद बाजूला ठेवला तरी खाडीतून माल चढत होता आणि घाटाकडे जात होता, हे दात्यांच्या यादीवरूनही जाणवतं. कऱ्हाडचा माणूस इथे दान द्यायला उगीच येत नाही. यादीत सार्थवाह, म्हणजे तांडे नेणारे व्यापारीही आहेत. तेव्हा मुलीला एवढं मान्य करायला हरकत नाही की या लेण्यांत समुद्राचा हात आहे. दगड फोडला माणसाने, पण खर्चातला मोठा वाटा भरतीच्या पाण्याबरोबर आला असावा.

उरला पाण्याचा प्रश्न, तो तुम्ही विचारला नाहीत, पण वर चढून घसा कोरडा पडल्यावर सुचला असेल. लेण्यांच्या बाजूला खडकातच टाकी खोदलेली असतात. तोंड लहान, पोट मोठं, वर सावली, म्हणून उन्हाने पाणी फारसं उडत नाही. उतारावर कोरलेल्या पन्हळींतून पावसाळ्यात ती भरतात. कोकणच्या पावसात टाकं भरायला अडचण नव्हती, ते मेपर्यंत पुरवायचं हे खरं कसब. भिक्षू वर्षावासाचे महिने एका जागी काढत, पण लेणी काही फक्त पावसाळ्यापुरती नव्हती. आज ते पाणी पिऊ नका, बाटल्या घरूनच न्या.

प्रश्न : मग समुद्राने कोरलेल्या गुहा पाहायच्या तर कुठे जावं?

उत्तर : हरिहरेश्वरला. देवळामागून प्रदक्षिणेची वाट दगडी पायऱ्यांनी दोन कड्यांमधून खाली किनाऱ्याला उतरते. तिथे लाटांनी तासलेला सपाट खडकाचा ओटा, कड्याच्या पायथ्याशी पडलेल्या खोबणी आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी पडलेला दगड दिसतो. लाट चिरेत घुसते, आतली हवा दाबली जाते, सोबतचे गोटे भिंतीवर आपटतात आणि भोक रुंदावत जातं. जाळी मात्र लाटेच्या माराने पडत नाही. खारं पाणी दगडात मुरतं, सुकतं आणि मिठाचे कण दगडाचे दाणे सुटे करतात. मुलीला विचारा, इथे कुठे काटकोन दिसतो का.

ही वाट फक्त ओहोटीला चालायची. भरतीच्या वेळी तिथे माणसं वाहून गेली आहेत, त्यामुळे ‘एक सेल्फी काढून येतो’ हा प्रकार नको. वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, आणि त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर ओहोटी. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी नवाला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी, पण तेव्हा भांग असते, पाणी फार मागे हटत नाही. म्हणून द्वितीया ते चतुर्थीमधली सकाळ निवडा. उधाणाला लागून असल्याने खडक दूरवर उघडा पडतो आणि ऊनही चढलेलं नसतं. हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, तेव्हा उतरण्याआधी देवळाजवळच्या दुकानदाराला एकदा विचारून घ्या.